खेकडा माशांबरोबर नांदेल का?

पावसाळा लागला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत खेकड्यांची संख्या वाढते. कोणी त्र्यंबकच्या वाटेवरून पिशवीत घालून आणलेला असतो, कोणी दुकानातून लाल नांग्यांची जोडी विकत घेतलेली असते, आणि दोघांचाही प्रश्न एकच असतो की, घरातल्या माशांच्या टाकीत हा सोडला तर चालेल का. या अंकासाठी त्यांतली सहा पत्रे निवडली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर बरेच लांबले आहे, कारण पुढच्या बहुतेकांची उत्तरे त्याच्याच पोटात आहेत.

प्रश्न : आमच्याकडे दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच अशी काचेची टाकी असून तीत चार गोल्डफिश व सहा गप्पी मासे आहेत. मुलीच्या हट्टामुळे तीन आठवड्यांपूर्वी लाल नांग्यांचे दोन खेकडे आणले. ते गोड्या पाण्यातले असून टाकीचा तळ साफ ठेवतात, असे दुकानदाराने सांगितले होते. पहिला आठवडाभर ते सारखे फिल्टरच्या नळीवर चढून बसत. मग एका गप्पीची शेपटी फाटलेली दिसली, दुसरा गप्पी सकाळी अर्धा खाल्लेला सापडला आणि परवापासून एक खेकडा टाकीतच नाही. मासे वाचवावेत की खेकडा सांभाळावा, हे कळेनासे झाले आहे.
(एक वाचक भगिनी, इंदिरानगर)

उत्तर : आधी हरवलेला खेकडा शोधावा, उरलेले उत्तर नंतर वाचले तरी चालेल. टाकीतून उतरलेला खेकडा उजेडापासून दूर आणि ओलाव्याकडे जातो, म्हणून न्हाणीघर, वॉशिंग मशीनची मागची बाजू, फ्रिजमागचा पाण्याचा ट्रे, मोरीतली बादली आणि कुंड्यांखालच्या थाळ्या या जागा प्रथम पाहाव्यात. रात्री दिवे मालवण्यापूर्वी भिंतीच्या कडेला एक जुने फडके ओले करून, चुरगाळून ठेवावे आणि शेजारी पाण्याची उथळ बशी ठेवावी. खेकडा बहुधा भिंतीची कड धरून चालतो, त्यामुळे पहाटे तो त्या फडक्याच्या घडीत सापडण्याची बरीच शक्यता असते. सापडल्यावर त्याला एकदम खोल पाण्यात सोडू नये. पसरट भांड्यात जेमतेम पाय बुडतील इतकेच टाकीचे पाणी घ्यावे, भांडे एका बाजूला किंचित कलते ठेवावे आणि पाण्यात राहायचे की कोरड्यात, हे त्याचे त्याला ठरवू द्यावे. माझ्याकडचा असा एक खेकडा तिसऱ्या दिवशी न्हाणीघरातल्या पाटाखाली सापडला आणि पुढे दीड वर्ष जगला. दुसरा पुस्तकांच्या कपाटामागे महिन्याभराने मिळाला, तेव्हा तो चिंचेच्या वाळक्या टरफलाइतका हलका झाला होता. चूक माझीच होती. वायर आत जावी म्हणून झाकणाला ठेवलेली दोन बोटांची फट मी बुजवली नव्हती. खेकड्यांच्या टोपलीला झाकण लागत नाही, ही गोष्ट भाषणात सांगायला ठीक आहे. खेकड्यांच्या टाकीला मात्र झाकण लागतेच.

आता तो का गेला, हे पाहू. लाल नांग्यांचा म्हणून जो खेकडा विकला जातो, तो पेरिसेसार्मा या गटातला, म्हणजे खारफुटीच्या चिखलात राहणारा प्राणी आहे. तिथे भरतीला पाणी चढते, ओहोटीला उतरते आणि खेकडा कधी बिळात, कधी चिखलावर, कधी झाडाच्या मुळांवर चढून बसतो. त्याला कल्ले असतात, पण ते ओले राहिले की तो हवेतही श्वास घेऊ शकतो. कल्ल्यांभोवती साठवलेले थोडेसे पाणी तो तोंडाजवळून बाहेर काढतो, कवचाच्या बाजूंवरून पसरवतो आणि त्यात हवा मुरली की पुन्हा आत ओढून घेतो. टाकीत बसवलेल्या दगडावर तो निवांत बसलेला असताना जवळून पाहिलेत, तर तोंडाशी हालणारे ते ओले, चमकणारे पाणी डोळ्यांना दिसते. असा प्राणी काठोकाठ भरलेल्या टाकीत चोवीस तास बुडवून ठेवला, आणि चार गोल्डफिशमुळे पाण्यातला प्राणवायू आधीच कमी असला, तर तो मिळेल त्या नळीवर चढणारच. आपल्याला तो खेळतो आहे असे वाटले असेल. प्रत्यक्षात तो जमीन शोधत होता.

दुकानदाराचे ‘गोड्या पाण्यातले’ हे म्हणणेही अर्धेच खरे आहे. हे खेकडे गोड्या पाण्यात लगेच मरत नाहीत, आणि त्यामुळेच हा गैरसमज टिकून आहे. निमखाऱ्या पाण्यासाठी घडलेले शरीर गोड्या पाण्यात आपल्या अंगातले क्षार राखण्यासाठी सतत झिजत राहते. काही आठवडे, फार तर काही महिने जातात, कात टाकण्याची वेळ येते आणि खेकडा त्यातून उठत नाही. घरचे लोक म्हणतात की त्याचे आयुष्यच तेवढे होते. तळ साफ ठेवण्याचे म्हणाल, तर खेकडा उरलेले खाद्य उचलतो हे खरे. पण माशांची विष्ठा तो खात नाही आणि स्वतः खाल्लेल्याची घाण पुन्हा त्याच पाण्यात टाकतो. झाडूवाला म्हणून आणलेला हा पाहुणा घरातला कचरा वाढवतोच.

मासा त्यानेच मारला का, याबद्दल मात्र घाई करू नये. खेकडा दिवसा आळशी आणि रात्री जागा असतो. गप्पीसारखे लहान मासे रात्री तळाशी किंवा पानांत स्थिर होतात, आणि तेव्हा नांगीच्या टप्प्यात आलेले काहीही तो चिमटून पाहतो. तरीही धडधाकट मासा पकडणे त्याला सहजी जमत नाही. बहुतेक वेळा मासा आधीच मेलेला किंवा मरायला टेकलेला असतो आणि खेकडा फक्त उरलेले काम करतो. शेपटीकडे भिंग घेऊन पाहावे. कात्रीने कातरल्यासारखा स्वच्छ तुकडा गेला असेल, तर तो नांगीचा किंवा दुसऱ्या माशाच्या तोंडाचा उद्योग. कड पांढुरकी, धाग्याधाग्यांनी सुटलेली असेल, तर ती शेपटी सडण्याची व्याधी असून तिचे मूळ पाण्यात आहे. आपल्या टाकीचे एकूण माप सुमारे 56 लिटर भरते. वाळू आणि वर सोडलेली जागा वजा केली तर प्रत्यक्ष पाणी 45 लिटरच्या आसपास उरते. चार गोल्डफिशना तेवढे पाणी मुळातच अपुरे आहे. म्हणून आजच अमोनिया व नायट्राइट (माशांच्या घाणीतून पाण्यात साचणारी विषारी द्रव्ये) तपासण्याचे किट आणून पाणी तपासावे. हे दोन्ही शून्य असले पाहिजेत. नसतील, तर एक तृतीयांश पाणी तातडीने बदलावे आणि खेकड्यावरचा आरोप तूर्त मागे घ्यावा.

मासे की खेकडा, या आपल्या प्रश्नाला माझे उत्तर असे की, या टाकीत मासे आधी आले आहेत आणि टाकी त्यांचीच राहू द्यावी. गोल्डफिश थंडाव्याला रुळलेला गोड्या पाण्यातला मासा आहे. लाल नांगीच्या खेकड्याला 24 ते 28 अंश सेल्सिअसची ऊब, मीठ असलेले पाणी आणि कोरडी जमीन लागते. दोघांना एकाच घरात सुखाने ठेवता येईल असे मधले पाणी नाही. खेकडा ठेवायचाच असेल, तर त्याच्यासाठी दुसरी टाकी मांडावी. तेवढी जागा किंवा उत्साह नसेल, तर तो दुकानात परत करावा. पैसे मिळाले नाहीत तरी हरकत नाही.

दुसरी टाकी मांडण्याचे ठरले, तर याच मापाची टाकी निम्मीच भरावी. एका बाजूला वाळूचा उतार करून तो पाण्याबाहेर काढावा, त्यावर फुटके कौल, नारळाची करवंटी, जाड फांदी असे आडोसे द्यावेत आणि खेकड्यांच्या संख्येपेक्षा आडोसे जास्त ठेवावेत. दोन नर एका टाकीत ठेवू नयेत. नर-मादी ओळखण्यासाठी खेकडा उलटा धरून पोटाकडची घडी पाहावी. नराची घडी अरुंद व टोकदार असते, मादीची रुंद व गोलसर. खाद्य म्हणून उकडलेला पालक, वाटाणा, काकडी आणि आठवड्यातून एक-दोनदा सोललेल्या कोळंबीचा नखाएवढा तुकडा पुरतो. खारफुटीत हे खेकडे मुख्यतः गळलेली पाने खातात, म्हणून देशी बदामाचे वाळून गळलेले पान धुऊन टाकीत टाकून पाहावे. दोन दिवसांत त्याच्या शिरा तेवढ्या उरतात.

प्रश्न : आमच्या टाकीत एकच खेकडा होता. गेल्या रविवारी तो पाय पसरून निपचित पडलेला दिसला, म्हणून काढून कचऱ्यात टाकला. सोमवारी रात्री तसाच एक खेकडा दगडामागून बाहेर आला. आम्ही दुसरा आणलेलाच नाही. हे कसे?
(एक वाचक, नाशिकरोड)

उत्तर : आपण खेकडा नव्हे, त्याची कात टाकून दिलीत. खेकड्याचे कवच वाढत नाही. आतले शरीर वाढले की जुने कवच मागच्या कडेला उकलते आणि त्या फटीतून खेकडा मागे सरकत, पाय, नांग्या, अगदी डोळ्यांवरचे आवरणसुद्धा सोडवून घेत बाहेर येतो. मागे राहिलेली कात इतकी हुबेहूब असते की जुन्याजाणत्यांचीही फसगत होते. ती उचलून पाहावी. पाठीमागे शिवण उसवल्यासारखी फट असेल, आत पोकळ असेल, डोळ्यांच्या जागी पारदर्शक टोप्या असतील आणि वास येत नसेल, तर ती कात समजावी. मेलेला खेकडा जड लागतो आणि त्याचा वास दुसऱ्या दिवशी घरभर पुरतो.

कात टाकून देऊ नये, हे मुद्दाम सांगतो. पुढचे काही दिवस खेकडा स्वतःच ती कुरतडून खातो आणि नव्या कवचासाठी लागणारा चुना त्यातून परत मिळवतो. आता ती गेलीच आहे, तर समुद्रफेसाचा एक तुकडा टाकीत ठेवावा. काष्ठौषधींच्या दुकानात आणि पाळीव पक्ष्यांचे साहित्य विकणाऱ्यांकडे तो मिळतो. अंड्याचे टरफल उकळून, आतला पापुद्रा काढून चुरून टाकले तरी चालते.

माशांबरोबर खेकडा ठेवू नये, असे मी म्हणतो त्याचे सर्वांत मोठे कारण या दिवसांत आहे. कात टाकलेला खेकडा ओल्या पापडासारखा मऊ असतो, त्याला नीट उभे राहता येत नाही, नांगी चालवता येत नाही आणि कवच कडक व्हायला काही दिवस लागतात. एरवी ज्या माशांची आपल्याला काळजी वाटत होती, तेच आता त्याचे डोळे आणि पाय टोचून खातात. कात टाकण्याआधी खेकडा खाणे सोडतो, रंगाने मलूल दिसतो आणि एकाच कोपऱ्यात दडून बसतो. ही लक्षणे दिसताच मासे दुसरीकडे हलवावेत, खेकड्याला हलवू नये. एखादा पाय तुटला असला, तर त्याचीही फार चिंता करू नये. पुढच्या कातेबरोबर तो लहानसा उगवतो आणि त्यानंतरच्या कातेला आणखी मोठा होतो.

प्रश्न : अंजनेरीला फिरायला गेलो असताना मुलाने ओढ्याकाठचा एक काळसर खेकडा डब्यात घालून आणला. हा तर खरोखर गोड्या पाण्यातला आहे, मग याला माशांच्या टाकीत ठेवायला काय हरकत आहे?
(एक वाचक, गंगापूर रोड)

उत्तर : पाण्याच्या बाजूने आपले म्हणणे बरोबर आहे, आणि इथेच दुकानातला व ओढ्यातला खेकडा यांतला फरक नीट कळतो. खारफुटीच्या खेकडीची अंडी फुटली की सूक्ष्म अळ्या बाहेर पडतात आणि त्या वाढायला समुद्राचे पाणी लागते. म्हणून घरच्या टाकीत त्यांची पिल्ले वाढत नाहीत. आपल्या डोंगरांतल्या खेकडीचे तसे नसते. तिची अंडी संख्येने कमी पण मोठी असतात, अळीची सगळी अवस्था अंड्यातच उरकते आणि बाहेर येतो तो नखाएवढा, पुरता घडलेला खेकडा. ही पिल्ले काही काळ आईच्या पोटाखालच्या घडीत राहतात. पावसाळ्यात त्र्यंबक, पेठ, इगतपुरीकडच्या बाजारात खेकडे घेणाऱ्या गृहिणींना ही पिल्लांनी भरलेली घडी चांगली ठाऊक असते, आणि आमच्या आजीसारख्या काही जणी तशी खेकडी परत सोडायला लावत.

माशांच्या दृष्टीने मात्र हा खेकडा लाल नांगीवाल्याहून कठीण. तो आकाराने मोठा होतो, नांगीत बळ असते आणि तो पक्का बिळकरी आहे. बांधाच्या चिखलात हातभर खोल जाणाऱ्या प्राण्याला दोन इंच वाळूच्या टाकीत ठेवले, तर तो रात्रभर वाळू उपसतो, रोपे उपटतो, फिल्टरची नळी पाडतो आणि हाती लागलेला मासा खातो. शिवाय अंजनेरीचा परिसर संवर्धन राखीव क्षेत्र आहे. तिथून प्राणी उचलून आणणे योग्य नाही. सह्याद्रीत गोड्या पाण्यातल्या खेकड्यांच्या नव्या जाती अलीकडच्या वर्षांतही शास्त्रज्ञांना सापडत आल्या आहेत आणि त्यांतल्या काही फार थोड्या जागेत राहतात. डब्यात आलेला खेकडा त्यांपैकी आहे की सर्वत्र आढळणारा, हे आपल्याला घरबसल्या ओळखता येणार नाही.

तेव्हा तो डबा आजच परत न्यावा. नाशिकच्या कोणत्याही नाल्यात सोडून चालणार नाही. ज्या ओढ्यावर तो उचलला, त्याच जागी, दगडाच्या सावलीत सोडावा. मुलाला बरोबर न्यावे. खेकडा डब्यातून उतरल्यावर तिरका पळत कोणत्या दगडाखाली जातो, हे त्याला पाहू द्यावे. टाकीच्या काचेतून त्याला एवढे दिसले नसते.

प्रश्न : लाल नांगीच्या खेकड्यांसाठी निमखारे पाणी लागते, असे आता समजले. स्वयंपाकघरातले मीठ चालेल का? आणि नळाचे पाणी वापरावे, बोअरचे की आरओचे? हिवाळ्यात हीटर लागतोच का?
(एक वाचक, सातपूर)

उत्तर : स्वयंपाकघरातले मीठ चालत नाही. त्यातले आयोडीन घातक असते म्हणून नव्हे. ते जवळजवळ निव्वळ सोडियम क्लोराइड असते आणि समुद्राच्या पाण्यातले कॅल्शियम, मॅग्नेशियम वगैरे जे खेकड्याला हवे असते, ते त्यात नसते. मत्स्यपेटीच्या दुकानात मरीन सॉल्ट या नावाने मिळणारे मीठ घ्यावे. एका लिटरला सुमारे 7 ग्रॅम या हिशेबाने निम्म्या भरलेल्या दोन फुटी टाकीतल्या 28 लिटर पाण्याला 200 ग्रॅमच्या आसपास मीठ लागते आणि हायड्रोमीटर (पाण्याची घनता मोजण्याचे साधन) 1.005 च्या जवळपास आकडा दाखवतो. हे मीठ वेगळ्या बादलीत विरघळवून, आठ-दहा दिवसांत थोडे थोडे करून वाढवावे, म्हणजे फिल्टरमधल्या उपयुक्त जिवाणूंनाही सवय होते. एक गोष्ट बरेच जण विसरतात. पाणी उडून जाते, मीठ उडत नाही. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत नाशिकला उघड्या टाकीतले पाणी भराभर उतरते. ती तूट गोड्या पाण्यानेच भरून काढावी. तिथेही खारे पाणी ओतत गेलो, तर टाकीत हळूहळू समुद्र तयार होतो.

महापालिकेचे नळाचे पाणी चांगले आहे, पण त्यात क्लोरीन असते. हायपोचे (सोडियम थायोसल्फेटचे) खडे किंवा दुकानातले अँटी क्लोरीन घालावे, अथवा पाणी पसरट भांड्यात एअर पंप लावून दिवसभर ठेवावे. बोअरचे पाणी बसाल्टच्या खडकातून येत असल्याने बहुधा जड असते. खेकड्यांना व मॉली माशांना ते मानवते. आरओचे पाणी घेऊ नये, कारण त्यातले क्षार आपण आधीच काढून टाकलेले असतात. भांडी बाजाराच्या या गावात आणखी एक सूचना द्यावी लागते. पाणी तांब्याच्या हंड्यात साठवू नये आणि गीझरचे गरम पाणी ओतू नये. खेकड्याच्या रक्तात प्राणवायू वाहून नेण्याचे काम तांबे असलेले द्रव्यच करते, हे खरे; पण पाण्यात विरघळलेले तांबे थोडे जरी वाढले तरी त्याला विष होते.

हीटर लागतो. डिसेंबर-जानेवारीत नाशिकचा पारा दहा अंशांच्या खाली उतरतो आणि निफाडकडे त्याहून खाली. खारफुटीच्या प्राण्याला ही थंडी ठाऊक नसते. पाणी निम्मेच असल्यामुळे पूर्ण बुडवून चालणारा हीटर आडवा लावावा, त्याच्याभोवती जाळीचे संरक्षण ठेवावे, नाहीतर खेकडा उबेला म्हणून त्याला मिठी मारतो आणि भाजतो. पाणी बदलताना हीटरचे बटण आधी बंद करावे.

प्रश्न : माशांच्या अंगावर पांढरे ठिपके आले आहेत. टाकीत दोन खेकडेही आहेत. दुकानातून आणलेले निळे औषध टाकू का?
(एक वाचक, पंचवटी)

उत्तर : बाटलीवर कॉपर सल्फेट किंवा दुसरे कोणतेही तांब्याचे संयुग लिहिलेले असेल, तर टाकू नये, मासे बरे होतील आणि खेकडे मरतील. घटकद्रव्ये छापलेलीच नसतील, तरीही टाकू नये. आजारी मासे बादलीत किंवा वेगळ्या टाकीत काढून तिथे उपचार करावेत आणि ते पाणी, जाळी, नळी काहीही खेकड्यांच्या टाकीला लावू नये. पांढऱ्या ठिपक्यांच्या परजीवीला जगण्यासाठी मासाच लागतो. मूळ टाकी काही आठवडे माशांविना राहिली की तो तिथून आपोआप संपतो, आणि खेकड्यांना त्याची बाधा होत नाही.

प्रश्न : एवढे वाचून नकारच हाती येतो. खेकडा आणि मासे एकत्र ठेवण्याची एकही रीत नाही का? शिवाय आमची पुढील महिन्यात पुण्याला बदली होत आहे. सध्याचे दोन लाल नांगीचे खेकडे आणि एक मोठा झालेला सकर मासा रामकुंडाजवळ सोडावेत, असे घरात चालले आहे.
(एक वाचक, सिडको)

उत्तर : रीती दोन आहेत. पहिली, निम्मी भरलेली निमखाऱ्या पाण्याची टाकी, जमिनीचा उतार, एक नर व दोन माद्या असे खेकडे आणि वरच्या थरात पोहणाऱ्या चार-पाच मॉली. मॉली निमखाऱ्या पाण्यात उत्तम राहतात आणि चपळ असतात. अधूनमधून एखादे पिल्लू खेकड्याच्या तोंडी जाईल, हे धरून चालावे. लांब शेपटीचे मासे, फायटर आणि तळाशी राहणारे कोरीडोरससारखे मासे यांत घालू नयेत. दुसरी रीत थाई मायक्रो क्रॅबची. थायलंडच्या नदीतला हा खेकडा शास्त्रज्ञांनी 1991 साली नोंदवला. त्याचे शरीर जेमतेम एक सेंटीमीटर, तो पूर्णपणे पाण्यात व गोड्या पाण्यातच राहतो आणि कोणालाही चिमटत नाही. लहान टेट्रा किंवा रासबोरा माशांबरोबर तो सुखाने राहतो. तो महाग पडतो, दुकानात क्वचित येतो आणि दिवसभर मुळांत लपून बसतो, त्यामुळे लहान मुले चार दिवसांत कंटाळतात. लहान मुलांसाठी मी त्याऐवजी चेरी श्रिम्प ही लहानशी लाल कोळंबी सुचवेन. व्हॅम्पायर क्रॅब म्हणून जांभळट रंगाचे, पिवळ्या डोळ्यांचे जे खेकडे हल्ली मिळतात, ते जावा बेटावरचे असून मुख्यतः जमिनीवर राहतात; माशांच्या टाकीशी त्यांचा संबंध नाही.

रामकुंडात किंवा गोदावरीत कुठेही काही सोडू नये. खेकडे गोड्या पाण्यात पिल्ले वाढवू शकत नाहीत, ते तिथे नुसते झिजून मरतील. सकर माशाचे उलट आहे. तो मरत नाही, उलट फोफावतो. दक्षिण अमेरिकेतून आलेला हा मासा देशातल्या अनेक नद्या-तलावांत असाच टाक्यांतून सुटून स्थिरावला आहे. आपल्याच गोदावरीवर खाली नांदूर मध्यमेश्वर आहे, रामसर या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आलेले महाराष्ट्रातले पहिले क्षेत्र. इथे सोडलेले तिथपर्यंत पोचायला फक्त एक पूर लागतो. सकर मासा मोठी टाकी असलेल्या एखाद्या हौशी माणसाला द्यावा.

खेकडे मात्र पुण्याला बरोबर नेता येतील. पाण्याने भरलेल्या पिशवीत नेऊ नयेत. त्यात ते गुदमरतात. झाकणाला सुईने भोके पाडलेले प्लास्टिकचे दोन डबे घ्यावेत, एका डब्यात एकच खेकडा, तळाशी टाकीच्या पाण्यात भिजवून पिळलेले सुती फडके आणि वर बदामाचे एक ओले पान, एवढे पुरते. निघण्याच्या आदल्या दिवशी खायला देऊ नये. डबे उन्हात किंवा एसीच्या झोतासमोर ठेवू नयेत, नारायणगावला चहाला थांबाल तेव्हा फडके ओले आहे का पाहावे, आणि झाकण पुन्हा बसवल्यावर त्याला रबर दोनदा लावावे.